गरोदर मुलीचं नाव पटावर राहिलं पाहिजे

शाळेतल्या एखाद्या मुलीला दिवस गेले आहेत असं समजलं की मोठ्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, ‘आणखी कोणाकोणाला कळलंय?’ ती डॉक्टरकडे जाऊन आली का, कितवा महिना आहे, तिच्यावर कोणी बळजबरी तर केली नाही ना, वार्षिक परीक्षा तिला देता येईल का, हे प्रश्न बरेच नंतर येतात. कित्येकदा येतच नाहीत. मुख्याध्यापकांच्या खोलीत आईवडिलांना बोलावलं जातं, दार लोटून घेतलं जातं आणि थोड्या वेळाने सर्वांच्या संमतीने निर्णय होतो : ‘सध्या घरीच राहू दे, तिच्याच भल्यासाठी.’ या सर्वांमध्ये ती मुलगी नसते.

मग काही महिने हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. पुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा येतो आणि नाव कमी होतं. तिला शाळेतून काढल्याचा एकही कागद कुठे सापडत नाही. कागदोपत्री तिनेच शाळा सोडलेली असते. म्हणून ‘लहान वयातल्या गरोदरपणामुळे मुली शाळा सोडतात’ हे वाक्य मला खटकतं. शाळा सोडणं वेगळं, शाळा सुटणं वेगळं आणि शाळा सोडायला लावणं आणखी वेगळं. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र तिन्हींची बेरीज ‘गळती’ या एकाच रकान्यात होते.

माझं म्हणणं असं आहे की गरोदरपण हे नाव कमी करण्याचं कारण असताच कामा नये. पोट दिसायला लागल्यावर नाही, बाळंतपणानंतर नाही आणि मूल अंगावर पीत असतानाही नाही. ‘आम्ही अडवत नाही, तिला यायचं तर येऊ दे’ एवढ्याने शाळेची जबाबदारी संपते, हेही मला मान्य नाही.

याचा अर्थ पंधराव्या-सोळाव्या वर्षी आई होणं ही किरकोळ बाब आहे असा कोणी घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख गर्भधारणा होतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या नको असताना झालेल्या असतात. विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या मातांपेक्षा या मुलींना गरोदरपणातल्या झटक्यांचा आणि बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याची शक्यताही वाढते. त्या वयात गर्भधारणा टळावी यासाठी जे जे करता येईल ते केलं पाहिजे. पण टाळण्याचे प्रयत्न आणि झाल्यावर द्यायची वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीच्या नावाखाली दुसरीत निष्ठुर होण्याची मोकळीक आपण घेतली आहे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. ‘गरोदर विद्यार्थिनी’ म्हटलं की अविवाहित मुलीचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि मग चर्चा अब्रूवर जाते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०१३ च्या अहवालात नोंदवलं होतं की विकसनशील देशांत किशोरवयीन मुलींच्या दर दहा बाळंतपणांपैकी नऊ लग्नात किंवा लग्नासारख्या सहजीवनात होतात. म्हणजे बहुसंख्य मुलींसाठी बंद दाराआडची ती बैठकसुद्धा होत नाही. लग्न ठरलं त्या दिवशीच दप्तर माळ्यावर गेलेलं असतं. तिचं शिक्षण थांबलं याचं कोणाला काही वाटत नाही, कारण त्यात बेअब्रू कोणाचीच झालेली नसते.

आता कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याकडे वळू. अमेरिकेतला एक आकडा नेहमी दिला जातो : किशोरवयात आई झालेल्यांपैकी साधारण निम्म्याच जणी बाविसाव्या वर्षापर्यंत शालान्त पदविका मिळवतात, इतर मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. एवढी दरी पाहून ‘बाळामुळे शिक्षण बुडालं’ असंच वाटतं. पण ज्या मुली लवकर आई होतात, त्या पुष्कळदा आधीपासूनच गरीब घरातल्या, अभ्यासात मागे पडलेल्या, वर्गात मन न रमणाऱ्या असतात. मग दरीतला किती भाग बाळामुळे आणि किती त्याआधीच्या परिस्थितीमुळे? आर्लिन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन या संशोधकांनी १९९२ मध्ये एक साधी युक्ती वापरली. त्यांनी सख्ख्या बहिणींची तुलना केली, एक किशोरवयात आई झालेली आणि दुसरी उशिरा. घर तेच, आईवडील तेच. या तुलनेत दरी बरीच अरुंद झाली. जोसेफ हॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वेगळी वाट घेतली. किशोरवयात दिवस राहून ज्यांचा गर्भपात आपोआप झाला, अशा मुलींशी त्यांनी बाळंत झालेल्या मुलींची तुलना केली. बाळंत झालेल्यांना नेहमीची पदविका कमी मिळाली, पण त्यांतल्या पुष्कळ जणींनी समकक्ष परीक्षा देऊन ती उणीव भरून काढली होती आणि पुढच्या आयुष्यातल्या कमाईत भीती होती तेवढा फरक दिसला नाही. नंतरच्या काही अभ्यासांना शिक्षणाचं नुकसान याहून ठळक दिसलं आहे, तेव्हा बाळाचा परिणाम शून्य असं म्हणता येणार नाही. पण ‘एका चुकीने आयुष्याचं वाटोळं’ ही जी ठाम समजूत आहे, तिला या अभ्यासांत आधार नाही.

उलट दिशेचा पुरावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सक्तीच्या शिक्षणाचं वय वाढवल्यावर अमेरिका आणि नॉर्वे या अगदी वेगळ्या दोन देशांत किशोरवयीन मातृत्व कमी झालं. पश्चिम केनियात प्राथमिक शाळेतल्या मुलींना नुसते गणवेश मोफत दिले, तर शाळा सुटणं कमी झालं आणि गर्भधारणाही कमी झाल्या. त्याच प्रयोगात ‘लग्नापर्यंत संयम पाळा’ हा धडा शिकवण्याचा गर्भधारणांवर काही परिणाम दिसला नाही. म्हणजे उपदेशाने जे साधलं नाही, ते अंगावरच्या कपड्यांनी साधलं, कारण त्या कपड्यांमुळे मुलगी वर्गात राहिली. कोविडच्या काळात याची दुसरी बाजूही केनियातच दिसली. शाळा बंद राहण्याचा काळ ज्या मुलींच्या वाट्याला आला, त्यांना माध्यमिक शिक्षण पुरं होण्याआधी दिवस राहण्याचा धोका आधीच्या तुकडीच्या दुपटीने होता.

हे सगळं एकत्र वाचलं की क्रम उलटा दिसू लागतो. पुष्कळ मुलींची शाळा आधी सुटते किंवा सुटायला लागलेली असते, आणि गर्भधारणा त्यानंतर येते. तसं असेल तर गरोदर मुलीला घरी बसवणारी शाळा नेमकं काय करते? जी गोष्ट तिला पुढच्या गरोदरपणापासून वाचवू शकली असती, तीच काढून घेते.

याचं सर्वांत उघडं उदाहरण सिएरा लिओनचं आहे. २०१४ मध्ये तिथे इबोलाची साथ आली आणि शाळा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. त्या काळात अनेक मुलींना दिवस गेले. घरातली कर्ती माणसं गेली होती, खायची भ्रांत होती, आणि मुलींचा फायदा घेणारे पुरुष होते. एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारने जाहीर केलं की गरोदर असल्याचं दिसणाऱ्या मुलींना वर्गात आणि परीक्षेला बसता येणार नाही. कारण दिलं ते नेहमीचंच, दुसऱ्या मुलींवर वाईट परिणाम होईल. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने त्या वेळी नोंदवलं की कुठे शिक्षकांनी मुलींचं पोट आणि छाती चाचपून पाहिली, कुठे लघवीची चाचणी करायला लावली. ज्यांना दिवस गेलेले नव्हते, अशाही मुली या तपासणीच्या धास्तीने शाळेपासून दूर राहिल्या. गरोदर मुलींसाठी वेगळे वर्ग काढले गेले, पण ते आठवड्यातून तीन दिवस आणि विषय चार. मोठ्या परीक्षेची तयारी तेवढ्यात होत नाही, हे शाळेत गेलेल्या कोणालाही कळतं.

पश्चिम आफ्रिकी देशांच्या एकोवास समूहाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही बंदी भेदभावाची ठरवली, वेगळे वर्गही भेदभावाचे ठरवले, आणि मार्च २०२० मध्ये सरकारने बंदी मागे घेतली. पाच वर्षं गेली. बंदी आली तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलगी ती उठली तेव्हा वीस वर्षांची होती. तिला कोणत्या इयत्तेत बसवायचं, याचं उत्तर न्यायालयाच्या निकालात मिळत नाही.

टांझानियातही तेच झालं. २००२ च्या नियमांत नीतिमत्तेविरुद्धच्या वर्तनासाठी विद्यार्थ्याला काढून टाकण्याची तरतूद होती आणि ती गरोदर मुलींना लावली जात होती. जून २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी जाहीर सभेत सांगितलं की आपण सत्तेवर असेपर्यंत बाळंत झालेली मुलगी शाळेत परतणार नाही. ते मार्च २०२१ मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सरकारने अशा मुलींना नेहमीच्या शाळेत परतण्याची मुभा दिली. एका माणसाच्या मताला एवढं वजन यावं की हजारो मुलींच्या वह्या त्याच्या कारकिर्दीइतका काळ बंद राहाव्यात, हे वाचताना आजही राग येतो.

‘दुसऱ्या मुली बिघडतील’ हा आक्षेप जगभर सारख्याच शब्दांत घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. अमेरिकेत शिक्षणातला लिंगभेद रोखणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याखाली १९७५ मध्ये नियम झाले. गरोदरपण, बाळंतपण किंवा गर्भपात या कारणाने विद्यार्थिनीला वगळता येणार नाही, वेगळा वर्ग असलाच तर तो तिच्या इच्छेवर, आणि डॉक्टर सांगतील तितकी रजा देऊन आधीची जागा परत द्यायची. यामुळे मुलींना ‘प्रोत्साहन’ मिळत असतं, तर पुढच्या दशकांत त्याचा परिणाम दिसला असता. प्रत्यक्षात १५ ते १९ वयातल्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये सुमारे ६२ असलेलं जन्मांचं प्रमाण २०२३ पर्यंत १३ च्या आसपास आलं. इंग्लंडने १९९९ मध्ये किशोरवयीन गर्भधारणेविषयी राष्ट्रीय धोरण आखलं. त्यात लैंगिक शिक्षण आणि गर्भनिरोधकं होती, तशी तरुण आईबापांना शिक्षणात टिकवण्याची मदतही होती. अठरा वर्षांखालच्या गर्भधारणेचा दर १९९८ ते २०१४ या काळात निम्म्याहून खाली आला. शाळेत राहू दिलं म्हणून हे दर उतरले, असा माझा दावा नाही. त्याची कारणं पुष्कळ आहेत. पण शाळेत राहू दिल्याने दर चढतात, ही भीती एवढ्या वर्षांत खरी ठरलेली नाही.

आणि जरा वर्गाची कल्पना करून पाहा. रात्रभर तान्ह्या मुलाने जागवलेली मुलगी सकाळी पहिल्या तासाला येऊन बसते, मधल्या सुट्टीत मैत्रिणी मैदानावर जातात तेव्हा ती घरी जाऊन पाजून येते, धापा टाकत परत येते आणि गणिताच्या तासाला डुलक्या खाते. हे पाहून कोणत्या मुलीला आपणही लवकर आई व्हावं असं वाटेल? जिला एका रात्रीत वर्गातून गायब केलं जातं, तिच्याकडून मात्र इतर मुली एकच गोष्ट शिकतात : आपल्यावर अशी वेळ आली तर कोणाला सांगायचं नाही. मग पोट घट्ट बांधणं येतं, पहिली तपासणी सहाव्या-सातव्या महिन्यात होणं येतं, अनाडी हातांनी केलेला गर्भपात येतो. मुलीवर जबरदस्ती झालेली असेल, तर ती करणारा या गप्प बसण्यावरच मोकळा राहतो.

शिक्षकांची एक काळजी मात्र खरी आहे. वर्गात अचानक तिच्या पोटात दुखायला लागलं, ती जिन्यावरून पडली, तर जबाबदार कोण? या काळजीची मी थट्टा करणार नाही. पण पायाला प्लास्टर असलेला मुलगा, फिट येणारी मुलगी, मधुमेहाचं इंजेक्शन घेणारं मूल, ही सगळी शाळेत असतातच. त्यांच्यासाठी तळमजल्यावरचा वर्ग, जवळच्या दवाखान्याचा नंबर, एक जबाबदार शिक्षिका, डॉक्टरांची चिठ्ठी एवढं आपण करतोच. गरोदर मुलीला याहून फार वेगळं काही लागत नाही. अवघड वाटतं ते तिची काळजी घेणं नव्हे. तिच्याकडे सगळ्यांदेखत पाहणं अवघड वाटतं.

नुसतं न अडवण्याने शाळेची जबाबदारी संपत नाही, असं मी वर म्हटलं. बंदी उठवणं ही अर्धीच गोष्ट आहे. मोझांबिकमध्ये २००३ च्या आदेशाने गरोदर मुलींना दिवसाच्या शाळेतून रात्रीच्या वर्गात पाठवलं जायचं. कागदावर शिक्षण चालूच होतं. पण अंधार पडल्यावर, तान्हं मूल घरी ठेवून, सोबतीशिवाय ये-जा करायला कोणती सोळा वर्षांची मुलगी धजावेल? तो आदेश २०१८ मध्ये मागे घेतला गेला. दक्षिण आफ्रिकेत दोन शाळांच्या स्वतःच्या धोरणांनुसार बाळंत झालेल्या मुलीला त्याच वर्षी परत येता येत नसे. एखादी मार्चमध्ये बाळंत झाली आणि मे महिन्यात उठून शाळेत जायला तयार झाली, तरी तिने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. २०१३ मध्ये हे प्रकरण संविधान न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने त्या शाळांना आपली धोरणं संविधानाच्या कसोटीवर पुन्हा तपासायला लावली. असे नियम करणाऱ्यांना बहुधा वाटतं की आपण मुलीला विश्रांती देतो आहोत. पण त्या वयात एक वर्ष मागे पडणं म्हणजे मैत्रिणी पुढे जाणं, वर्गात सगळ्यांत मोठी दिसणं, आणि घरच्यांनी ‘आता कशाला’ म्हणणं. किती दिवस लागतील हे तिची प्रकृती आणि डॉक्टर ठरवू शकतात. शाळेच्या वेळापत्रकाने ते ठरवायचं कारण नाही.

व्यवस्था कशी असावी याचं जे उदाहरण मला सगळ्यांत भावतं, ते जमैकाचं आहे. तिथे १९७८ मध्ये किंग्स्टनला गरोदर शाळकरी मुलींसाठी एक केंद्र सुरू झालं आणि पुढे देशभर त्याच्या शाखा झाल्या. मुली गरोदरपणात तिथे नेहमीच्या अभ्यासक्रमाचे विषय शिकतात, तपासणी आणि समुपदेशन तिथेच होतं, बाळंतपणानंतर बाळासाठी पाळणाघर असतं, गर्भनिरोधनाची माहिती मिळते आणि मग मुलगी नेहमीच्या शाळेत परत जाते. या परत जाण्यावरच साऱ्या केंद्राचा रोख आहे. सिएरा लिओनच्या वेगळ्या वर्गांत आणि या केंद्रात फरक आहे तो इथे. तिकडचा वर्ग मुलीला इतरांच्या नजरेआड ठेवण्यासाठी होता, इकडचं केंद्र तिला परत नेऊन सोडण्यासाठी आहे. २०१३ मध्ये जमैकाने शाळकरी मातांना शाळेत परत घेण्याचं राष्ट्रीय धोरणच केलं.

पैशाचं काय, हा प्रश्नही येतो. मलावीतल्या झोंबा भागात एक प्रयोग झाला. काही मुलींच्या घरांना ‘मुलगी शाळेत हजर राहिली तरच’ या अटीवर दरमहा रक्कम दिली, काहींना विनाअट दिली. अटीने शाळेतली हजेरी जास्त सुधारली. पण लग्न आणि गर्भधारणा विनाअट रकमेच्या गटात बऱ्याच कमी राहिल्या, आणि हा फरक पडला तो शाळा सुटलेल्या मुलींमुळे. अट घातलेल्या गटात शाळा सुटली की मदतही बंद. म्हणजे ज्या मुलीला त्या पैशाची सर्वांत जास्त गरज होती, तिचाच हात सुटला. मदतीच्या योजना आखणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचावा. हजेरीला बक्षीस देणं सोपं असतं, पण गरोदर मुलीची हजेरी चुकणारच आहे.

आतापर्यंतच्या या लेखात पुरुष जवळजवळ आलाच नाही, आणि अशा चर्चांमध्ये बहुतेक वेळा असंच होतं. मुलीच्या पोटावरून सगळं दिसतं, त्याचं काहीच दिसत नाही. तो वर्गातला मुलगा असेल तर परीक्षा देऊन पुढच्या वर्गात गेलेला असतो. मोठा पुरुष असेल तर त्याचा शाळेशी संबंधच येत नाही. अर्थतज्ज्ञ पास्कलीन दुपा यांनी केनियात केलेल्या एका प्रयोगात मुलींना वर्गात फक्त एवढंच सांगितलं की वयाने मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण समवयस्क मुलांपेक्षा किती जास्त असतं. त्यानंतर त्या मुलींमधल्या गर्भधारणा २८ टक्क्यांनी घटल्या. खरी माहिती मिळाली की मुली आपलं आपण ठरवू शकतात, हे यातून दिसतं. आणि या मुलींच्या गरोदरपणामागे मोठ्या वयाचे, हातात पैसा असलेले पुरुष किती होते, हेही दिसतं. मुलाने बाप म्हणून जबाबदारी घ्यावी, त्यालाही शाळेने बोलावून बोलतं करावं. मात्र दोघांनाही काढून टाकणं ही समानता नव्हे. त्याने एका घरात दोन अर्धवट शिक्षणं होतील, एवढंच.

शेवटी पुन्हा त्या हजेरीपटाकडे येऊ. कायदे बदलायला, पाळणाघरं उभी राहायला, योजनांचे पैसे यायला वर्षं लागतील आणि त्यासाठी भांडत राहावंच लागेल. पण ज्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत ती बैठक होईल, त्या दिवशी मुलीला आत बोलावून खुर्ची देता येते. तिला विचारता येतं की तुला कधीपर्यंत वर्गात यायचं आहे आणि बाळंतपणानंतर केव्हा परतावंसं वाटतं. गैरहजेरीच्या काळात वह्या पोहोचवायला एक मैत्रीण आणि एक शिक्षिका ठरवता येते. आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ याऐवजी ‘वैद्यकीय रजा’ असं लिहून, त्यापुढे तिने सांगितलेली परत येण्याची तारीख टाकता येते.